दुसरी आवळणी

माझ्या गॅरेजात पहिल्यांदा येणारा माणूस आधी भिंतीकडे बघतो आणि मग माझ्याकडे जरा संशयानं बघतो. त्यात त्याची चूक नाही. डाव्या हाताच्या भिंतीवर ओळीनं खिळे ठोकलेले आहेत आणि त्या खिळ्यांवर मोटरसायकलींच्या सीटखालच्या बाजूच्या डिकीची झाकणं टांगलेली असतात. लाल, काळी, निळी. कशावर ‘आईचा आशीर्वाद’, कशावर तीन पोरांची नावं, कशावर नुसताच पंख पसरलेला गरुड. पौडला नव्यानं बदलून आलेला एक हवालदार एकदा प्लग साफ करून घ्यायला आला. भिंत बघून त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

“ह्या सगळ्या गाड्या कुठायत?”

“रस्त्यावर फिरतायत.”

“आणि झाकणं?”

“ओलीस हायेत.”

पुढचा अर्धा तास त्याला समजावण्यात गेला. चार महिन्यांनी त्याच्याच गाडीचं झाकण त्या भिंतीवर आलं आणि तोच आल्यागेल्याला भिंतीची हकिकत सांगायला लागला.

या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा सगळे म्हणाले, गॅरेज कसं काढलं तिथपासून लिही. गॅरेज सगळेच काढतात. मला या भिंतीबद्दल सांगायचं आहे, आणि त्यासाठी आधी थोडं मोटरसायकलीच्या पोटात शिरावं लागेल.

इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर एका वाकड्या नळीतून मागच्या सायलेन्सरमध्ये जातो. या नळीला आम्ही बेंड पाइप म्हणतो. नळी जिथं इंजिनाला मिळते तिथं एक कडं बसवलेलं असतं, त्याला पॅकिंग म्हणतात. नळीच्या तोंडावर एक कॉलर असते, ती इंजिनातून बाहेर आलेल्या दोन स्टडांवर, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांवर, चढते आणि वरून दोन नट. बस्स, एवढंच. पण हे पॅकिंग जळलं की जुनी गाडी फटफट करायला लागते, चढाला दम टाकते, एक्सलेटर सोडला की मागून बार काढते. लोकांना वाटतं इंजिन गेलं. इंजिन ठणठणीत असतं, गेलेलं असतं ते बोटभर कडं.

ते बदलायचं म्हणजे नट सोडायचे, जुनं पॅकिंग खरवडून काढायचं, नवं घालायचं आणि नट आवळायचे. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. माझं निम्मं आयुष्य त्या ‘आवळायचे’मध्ये गेलं.

कारण मी मूळचा पैलवान. आमच्या मुळशीत ज्या घरात दोन म्हशी आणि एक मुलगा, त्या घरातला मुलगा तालमीत जाणारच. मी चोविसाव्या वर्षापर्यंत माती अंगाला लावली. मग गुडघा गेला. शेतीत मन रमेना, म्हणून साळवे मिस्त्रींकडे काम शिकायला लागलो. साळवे मिस्त्री पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, तो बंद पडल्यावर त्यांनी पौडला गॅरेज टाकलं होतं. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली हत्यारांची फळी, प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पेन्सिलनं काढलेली. आमच्या घरी थोडी कुरकुर झाली, पाटलाचा पोर त्यांच्या हाताखाली काम करणार का म्हणून. मी ऐकलं नाही. ते माझ्या हातून झालेलं पहिलं शहाणपणाचं काम.

पहिल्या महिन्यात मी सहा स्टड तोडले. पाना हातात घेतला की मनगट आपोआप पिळायचं. तालमीत धरलेलं सोडायचं नाही एवढंच शिकवलेलं. मिस्त्री चिडले नाहीत. सातव्या स्टडच्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला दहा नंबरचा पाना काढून घेतला, वाइसच्या जबड्यात धरला आणि हॅक्सॉच्या करवतीनं मधोमध कापला. कापलेल्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवला.

“आता लाव जोर,” म्हणाले.

तेवढ्याशा पान्यावर मूठ बसेना. दोन बोटं आणि अंगठा, एवढंच मावत होतं.

“पैलवान, नट घट्ट करायचा न्हाई. नट बसवायचा. तो बसला की सोताहून सांगतो. तुझा दंड मोठ्यानं बोलतोय म्हणून तुला त्याचं ऐकू येत न्हाई.”

तो अर्धा पाना अजून माझ्याकडे आहे.

मिस्त्रींची दुसरी शिकवण म्हणजे दुसरी आवळणी. नवं पॅकिंग पहिल्या दिवशी आवळलं तरी पुरतं बसलेलं नसतं. गाडी तापते, निवते, पुन्हा तापते, तेव्हा ते दबून आपली जागा धरतं. जागा धरली की नट थोडे सैल पडतात. म्हणून शंभरेक किलोमीटर झाल्यावर, इंजिन पुरतं गार असताना, दोन्ही नट पुन्हा एकदा आवळायचे. अर्धा फेरा, कधी पाव फेरा. दोन मिनिटांचं काम. ते केलं तर पॅकिंग वर्षानुवर्षं टिकतं, नाही केलं तर दोन महिन्यांत पुन्हा फटफट.

पण गिऱ्हाईक परत येत नाही. गाडी गप्प चालायला लागली की कशाला येईल? आणि दोन महिन्यांनी चारचौघांत म्हणतो, मिस्त्रीनं पॅकिंग डुप्लिकेट घातलं. यावर साळवे मिस्त्रींनी झाकणाचा उपाय काढला. पहिली आवळणी झाली की डिकीचं झाकण काढून ठेवायचं, आतलं सामान पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्यायचं, आणि झाकण दुसऱ्या आवळणीलाच परत. झाकणाशिवाय गाडी नागडी दिसते. घरची माणसं टोचतात, शेजारी विचारतात. माणूस मुकाट्यानं येतो.

मिस्त्री गेल्यावर गॅरेज माझ्याकडे आलं आणि भिंतही. या भिंतीनं माणसांचे फार नमुने दाखवले. घोटावड्याच्या एका नवरदेवाची गाडी लग्नाच्या चार दिवस आधी आली. मी झाकण काढलं तसा तो पाया पडायच्या बेतात आला.

“पैलवान, सासुरवाडीच्या दारात अशी गाडी न्यू व्हय?”

“शंभर किलोमीटर फिरवून आण, देतो.”

त्या चार दिवसांत त्याला शंभर किलोमीटर फिरायला सवड कुठली? लग्न झालं. सासूनं म्हणे पहिला प्रश्न विचारला, “जावईबापू, गाडी अर्धीच घेतली का?” दुसऱ्या दिवशी सकाळी हाताच्या हळदीसकट तो माझ्या दारात उभा. नवी नवरी मागच्या सीटवर. तिनं आधी भिंत बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं आणि इतकी हसली की मलाही राहवेना.

कासारसाईच्या एका शेतकऱ्यानं माझी चांगली जिरवली. जमीन विकून दारात मोठी चारचाकी उभी केलेली, पण शेताच्या उरल्या तुकड्यावर जायला बापाच्या वेळची मोटरसायकलच. पॅकिंग मिळेना म्हणून यानं पाण्याच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढली, विस्तवात लाल करून मऊ केली, तिचं कडं वळलं आणि बसवलं. माझ्याकडे आला तो फक्त आवळून घ्यायला. मी नाक मुरडलं. ते कडं पाच वर्षं टिकलं. मी विकत आणलेली त्याआधी कधी एवढी टिकली नव्हती. आता कुठल्या गाडीचं पॅकिंग बाजारात नसलं की मी तशीच तार वळतो आणि त्या गृहस्थाचं नाव घेऊन सांगतो.

ही सगळी झाकणं येतात आणि जातात. एक मात्र गेलं नाही.

अगदी वरच्या कोपऱ्यातलं. हिरवं, त्यावर पांढऱ्या रंगानं हातानं काढलेलं वासराचं तोंड, एक कान मोठा, एक लहान. अठ्ठावीस वर्षं त्या खिळ्यावर होतं. लोक विचारायचे, हे कुणाचं. मी सांगायचो, आहेत एक, येतील.

ते बापूंचं होतं. जवळच्याच चांदे गावचे बापू. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस होते, पण सगळ्या तालुक्यात ‘बापू डॉक्टर’ म्हणूनच ओळख. डॉक्टरसाहेब जीपनं जिथवर जाता येईल तिथवर जात, बापू मोटरसायकलीवर त्याच्याही पुढं. अडलेल्या गाईचं वासरू हातानं फिरवून बाहेर काढण्यात त्यांच्यासारखा माणूस नव्हता. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठे, तोंडानं फटकळ.

गॅरेज माझ्या हातात येऊन तीन वर्षं झाली असतील. बापूंची गाडी पॅकिंगसाठी आली होती. दुपार होती. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली आणि विषय चाललेला माझ्या जुन्या कुस्त्यांचा. मी फुललो होतो. तेवढ्यात दूध गोळा करणारा एक गाडीवाला निरोप घेऊन आला. धरणाच्या पलीकडच्या अंगाला हिराबाईची गाय सकाळपासून अडली आहे, बापूंना पाठवा.

“पैलवान, उरक,” बापू म्हणाले.

इथं मी काय केलं ते नीट सांगतो, कारण मेकॅनिकच्या पोरांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. नळी बसवताना सगळं आधी सैल ठेवायचं असतं. पुढचे दोन नट बोटांनी फिरवून घ्यायचे, मागचा सायलेन्सरचा बोल्टही सैलच. मग पुढचे नट आलटून पालटून, इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा फेरा, म्हणजे कॉलर सरळ बसते. आणि मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. मी घाईत मागचा बोल्ट आधी आवळला. त्यामुळं नळी ताणात राहिली. आणि अर्धा पाना फळीवर असताना मी हाताशी होता तो पुरा पाना घेतला. बाकावरची माणसं बघत होती ना.

एका नटाला ताण आला, आणखी आला, आणि टक् झालं. एकदम नट माझ्या हातात मऊ पडला. स्टड आतून तुटला होता.

मला कळलं. तिथंच कळलं. पण तुटका स्टड काढायचा म्हणजे तीन तासांची बात, आणि बापूंनी किकवर पाय ठेवला होता. आणि खरं सांगायचं तर तीन तासांपेक्षाही जड होतं ते पाच-सहा माणसांसमोर ‘तुटला’ म्हणणं. मी नट होता तसा लावला, मागून बारीक तारेचा एक वेढा दिला, म्हणजे वरवर सगळं जागच्या जागी. रोजच्या सवयीनं झाकण काढून खिळ्यावर अडकवलं आणि मनाशी म्हटलं, दुसऱ्या आवळणीला येतील तेव्हा नीट करून देऊ. दुसऱ्या आवळणीचा इतका वाईट उपयोग साळवे मिस्त्रींच्या स्वप्नातही आला नसता.

घाटाच्या निम्म्यावर नळी निखळली. तापलेली नळी बापूंच्या नडगीला लागली. गाडी तिथंच टाकून, पायी, मिळेल त्या वाहनानं ते पोचले तेव्हा उशीर झाला होता. वासरू पोटातच गेलं होतं आणि दोन दिवसांनी गाय गेली. हिराबाईच्या दारात तेवढी एकच गाय होती.

हे मला त्याच दूधवाल्यानं सांगितलं. मी बापूंकडे गेलो नाही. हिराबाईकडेही गेलो नाही. बापू भांडायला येतील म्हणून रोज रस्त्याकडे बघायचो. ते आले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते आलेच नाहीत. पुढं त्यांची बदली झाली, मग निवृत्ती. आणि वासराचं ते तोंड रोज सकाळी शटर उघडलं की मला दिसायचं. त्या दिवसापासून मी बाकावरच्या माणसांकडे पाठ करून काम करतो आणि अर्ध्या पान्याशिवाय सायलेन्सरच्या नटाला हात लावत नाही. तेव्हापासून एकही स्टड माझ्या हातून तुटलेला नाही. याचा मला अभिमान आहे, पण तो कशाच्या बदल्यात मिळाला हेही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक टेम्पो दारात थांबला. त्यातून तिशीची एक मुलगी उतरली. गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र. टेम्पोत ताडपत्रीखाली एक जुनी मोटरसायकल. मी ताडपत्री बाजूला केली. हिरवी टाकी. डिकीला झाकण नव्हतं.

“काका, मी वैशाली. चांद्याच्या बापूंची मुलगी. आमच्या गोठ्याच्या जागेवर भाड्याच्या खोल्या बांधायला काढल्यात. ही गाडी भंगारात द्यायची म्हटलं तर बाबा ऐकायलाच तयार नाहीत. म्हणाले, आधी पौडच्या पैलवानाकडं ने, मला एकदा धरणापलीकडं जाऊन यायचंय, ते पण ह्याच गाडीवर.”

“बापूंचं वय किती झालं आता?”

“बहात्तर. मी मागून कारनं जाणारे, म्हणून आईनं परवानगी दिली. पण काका, घाटात काही झालं तर बाबांना धक्का बसेल. गाडीचं खात्रीनं सांगता येत असेल तरच घ्या. नाहीतर मी त्यांना सरळ सांगते, होणार नाही म्हणून.”

मी गाडीपाशी बसलो. कॉलर कुणीतरी जाड तारेनं आणि पट्टीनं बांधलेली. त्यामागं माझा तुटका स्टड, अठ्ठावीस वर्षांचा गंज खाऊन तसाच. मुलगी माझ्याकडे उत्तरासाठी बघत होती. गप्प बसणं शक्य होतं. तिला काहीच माहीत नव्हतं.

“ताई,” मी म्हणालो, “हा स्टड मी तोडलाय. मला ठाऊक असताना मी गाडी दिली. त्यापायी तुझ्या बापाचा पाय भाजला आणि एका बाईची गाय गेली.”

तिनं वाकून तो स्टड बघितला. मग म्हणाली, “बाबांनी असं कधी सांगितलं नाही.”

“त्यांना ठाऊक न्हाई.”

“मग आता नीट करा,” ती म्हणाली. ना राग, ना माफी. कंपनीत हाताखालच्या माणसाला सांगावं तसं. मला ते फार आवडलं.

दोन दिवस स्टडच्या तुकड्यावर तेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी मधोमध बारीक भोक पाडून, शेक देऊन तो काढला. आतले आटे गेले होते, म्हणून भोक थोडं मोठं करून नव्या आट्यांची बुश, म्हणजे बारीक पोकळ नळी, बसवली. दुसरा स्टडही बदलला. वैशाली शनिवारी आली तेव्हा पॅकिंग बसवायचं राहिलं होतं. ते मी मुद्दाम तिच्यासाठी ठेवलं होतं. तिनं पिशवीतून एक लांब पाना काढला. त्याच्यावर छोटासा पडदा आणि पडद्यावर आकडे.

“टॉर्क रेंच आहे काका, ऑफिसमधल्या मित्राचा. नट किती आवळला ते आकड्यात दाखवतो. ह्या गाडीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये दहा ते बारा न्यूटन-मीटर दिलंय. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण माझं कामच तपासायचं आहे.”

“तपास की. पण पडदा तू बघायचा, मी न्हाई.”

पॅकिंग बसवलं, नळी चढवली, सगळं सैल. नट बोटांनी. मग आलटून पालटून, अर्ध्या पान्यानं, जवळजवळ जागेवर आणले. शेवटचा हात तेवढा तिच्या पान्यानं, तोही डोक्याजवळ आखूड धरून. मी डोळे मिटले. नट जड झाला, आणखी थोडा जड झाला आणि मग तो जसा सांगतो तसं त्यानं सांगितलं. मी थांबलो.

“अकरा,” ती म्हणाली.

दुसरा नट.

“अकरा. काका, परत एकदा करा.”

मी तो पाव फेरा सोडला आणि परत आवळला.

“साडेदहा.” ती पडद्याकडे आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली. “तुमच्या हाताला सर्टिफिकेट द्यायला पाहिजे.”

“मिळालंय,” मी म्हणालो आणि अर्धा पाना तिला दाखवला. एकसष्टाव्या वर्षी, दोन बोटांत मुंग्या येत असताना, मला अकरा ऐकायला मिळालं. साळवे मिस्त्री असायला हवे होते असं फार वाटलं. नंतर मागचा बोल्ट आवळला. शेवटी.

झाकण मात्र मी दिलं नाही. “बापूंना सांग, शंभर किलोमीटर झाले की सोता या. झाकण तेव्हाच.” ती हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

पुढच्या रविवारी बापू धरणापलीकडं गेले. त्या दिवशी मी गॅरेज उघडून बसलो, पण कामाला हात लागला नाही. बुशचे आटे डोळ्यांसमोरून हलेनात. घाटातला तो चढ, ती वळणं, सगळं मनात चाललेलं. दुपारी वैशालीचा मेसेज आला, ‘घाट चढलो. आवाज एकदम मस्त.’ मी तो चहावाल्यालाही वाचून दाखवला. त्याचा काही संबंध नव्हता.

बुधवारी सकाळी लांबूनच आवाज आला. जुन्या गाडीचा आवाज पॅकिंग धरलेलं असलं की भरून येतो, मध्ये कुठं फाटत नाही. बापूंनी गाडी दारात उभी केली. केस पांढरे, पाठीत थोडा बाक, डोळे तेच.

“एकशेबारा झाले,” ते म्हणाले. “आवळ.”

“गार होऊ द्या. तोवर चहा घ्या.”

दोघंही बाकावर बसलो. मला जे बोलायचं होतं ते अठ्ठावीस वर्षं तोंडपाठ होतं, आणि आता तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, “बापू, त्या दिवशी स्टड तुटला ते मला कळलं हुतं.”

“वैशीनं सांगितलं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मलापन कळलं हुतं.”

“काय?”

“टक् झालं ते. मी किकवर पाय ठिवून हुबा व्हतो, ऐकलं. तुझं तोंड बगितलं. म्हणलं, आता ह्याला इचारलं तर ह्यो गाडी ठिवून घील आन मी हितंच बसंन. म्हणून इचारलंच न्हाई. आन हिराबाईला काय सांगितलं ठाव हाय? मेकॅनिकनं घात केला म्हणून. सगळ्या गावाम्होरं. मग कुटल्या तोंडानं झाकण मागाया येऊ?”

मी त्यांची वाट बघत त्यांना घाबरत होतो आणि ते तिकडं मला घाबरत होते.

“रविवारी तिला खरं सांगून आलो,” बापू म्हणाले. “म्हातारी झालीया. कानानं कमी ऐकती. दोनदा मोठ्यानं सांगाया लागलं, तुझ्या गाईला उशीर पैलवानाच्या एकट्यापायी झाला न्हाई, म्या पन जाणूनबुजून फुटकी गाडी नेली. तर म्हणती, येवढ्यासाठी घाट चढून आलास व्हय? मग गाईचं नाव सांगितलं मला. चांदणी. आन जरा रडली. मग भाकर खायला बसवलं.”

इंजिन गार झालं होतं. मी अर्धा पाना घेऊन बसलो. पहिला नट पाव फेरा आला. दुसराही पाव फेरा. दोन्ही बसले. एवढंसं काम, दोन मिनिटांचं, त्याला अठ्ठावीस वर्षं लागली.

स्टूल घेऊन मी वरच्या कोपऱ्यातलं झाकण काढलं. फडक्यानं पुसलं. वासराचे दोन्ही कान जागेवर होते. झाकण डिकीवर बसवून मी त्याचा स्क्रू हातात घेतला, तशी बापूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“तू नगं, पैलवान,” ते म्हणाले. “ह्ये माझं मी आवळतो.”

आणि त्यांनी तो स्क्रू दोन बोटांनी फिरवला, बसला तिथं थांबले, आणि गाडीला किक मारली.